हौसाबाईंच्या खळ्यावर डेन्मार्क

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा अशी माझी अपेक्षाही नाही. पनवेलमध्ये माझ्यावर विश्वास ठेवणारा शेवटचा माणूस म्हणजे माझे सासरे. त्या विश्वासापायी त्यांनी मुलगी दिली. ती आत्ता समोर बसून दुसऱ्या मडक्यासाठी वालाच्या शेंगा निवडते आहे आणि मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवते आहे. तरी सांगतो. सत्त्याण्णव साली बायकांच्या क्रिकेटचा विश्वचषक आपल्या देशात झाला, आणि त्यातला एक सामना नवीन पनवेलच्या वेशीबाहेर, भाताच्या खळ्यावर, अनवाणी झाला. पंच मी होतो.

ही सुरुवात मी परवाच्या रविवारी, याच शब्दांत, सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर केली तेव्हा पोपटीचं पहिलं मडकं जाळात होतं. भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी असं सगळं मडक्यात कोंबून मडकं उपडं घालायचं, भोवती पेंढा पेटवायचा आणि मग वाट बघत बसायचं, याला पोपटी म्हणतात. आणि त्या वाट बघण्यात कुणीतरी काहीतरी सांगायचं असतं. आमच्या सोसायटीत तो मान माझा. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे लोकांची बोलणी ऐकायची आणि मधेच तोडायची अशा दोन्ही सवयी मला आहेत. ऐकायला चेअरमन कृष्णकांतराव होते आणि खारघरच्या कॉलेजात शिकवणारा आमचा नवा भाडेकरू सत्यजीत होता. सत्यजीत बिचारा नवा, त्यामुळे तो लक्ष देऊन ऐकत होता.

"बायकांचा विश्वचषक?" तो म्हणाला. "हे हल्लीच सुरू झालंय ना, तात्या?"

हीच ती चूक, आणि याच चुकीवरून दोन वर्षांपूर्वी सगळं रामायण घडलं.

झालं असं. कृष्णकांतरावांची मुलगी रेवा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. ती आणि सोसायटीतल्या दहा-बारा मुली गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला क्रिकेट खेळायच्या. गच्चीवरच्या क्रिकेटचा नियम असा की चेंडू खाली गेला की खेळाडू बाद, आणि चेंडू कुणाच्या डोक्यावर पडला की सगळा संघ बाद. एका रविवारी तो माझ्या डोक्यावर पडला. मी सेक्रेटरी या नात्यानं वर गेलो, ओरडलो, आणि खाली येताना मुलींचा वकील होऊन आलो. कारण रेवानं मला एकच विचारलं, "तात्या, खाली एवढा प्लॉट पडलाय. रविवारी सकाळी दोन तास आम्हाला का नाही?"

मी विषय कमिटीच्या सभेत काढला. प्लॉटवर तोवर मुलगे खेळायचे, आणि ते खेळत नसतील तेव्हा लोक स्कूटर धुवायचे. कृष्णकांतराव म्हणजे तळोज्याच्या एका कारखान्यात प्रशासनाचे साहेब. त्यांची सही असल्याशिवाय तिथला पंखा फिरत नाही असं म्हणतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तात्या, माझी मुलगी असली म्हणून नियम बदलणार नाही. प्लॉट खेळासाठी आहे. मुलींचं ते काय, थोडी मजा. त्यांचा काय वर्ल्ड कप व्हायचाय?"

"होतो की," मी म्हणालो. "पुढच्याच महिन्यात होतोय. इथेच, भारतात. आणि ऐका, बायकांचा पहिला विश्वचषक त्र्याहत्तर साली इंग्लंडात झाला. पुरुषांचा पंच्याहत्तर साली. पुरुषांनी बायकांचं बघून सुरू केला."

सभा इतकी हसली की वरच्या मजल्यावरून लोक काय झालं म्हणून बघायला आले. आता गंमत बघा. मी याच सभेत पूर्वी सांगितलं होतं की कर्नाळ्याच्या सुळक्यावर मी वाघाला टॉर्च दाखवून माघारी पाठवला, तर लोकांनी चहा मागवून ती गोष्ट दुसऱ्यांदा ऐकली होती. आणि हे, जे अक्षरशः खरं, त्याला हसले. माणसाचा अपमान व्हावा तर असा.

अपमानित माणूस जे करतो ते मी केलं. उभा राहिलो आणि म्हणालो, "विश्वचषकातला संघ पनवेलला आणून दाखवतो."

"आणलात," कृष्णकांतराव म्हणाले, "तर प्लॉट दर रविवारी मुलींचा. नाही आणलात तर तुम्ही वर्षभर सभेत एक शब्द बोलायचा नाही."

लोकांच्या चेहऱ्यावर इतकी आशा मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. दारात रेवा उभी होती. ती हसत नव्हती.

घरी आल्यावर चारुतानं, म्हणजे हिनं, विचारलं, "कुठला संघ आणणार?"

"जो येईल तो."

"आणि नाही आला तर?"

मी पेपर उघडला. ती म्हणाली, "तुम्ही वर्षभर गप्प बसाल ते आम्हाला परवडेल. पण त्या पोरीनं आज रात्री नवीन बॅटला तेल लावलंय."

मुंबईला त्या स्पर्धेचे सामने होणार होते हे पेपराच्या आतल्या पानावर, अगदी खाली, शेवग्याच्या शेंगेएवढ्या बातमीत आलं होतं. मी एस.टी. धरून गेलो. मंगळवार होता, ऑस्ट्रेलिया विरुद्ध डेन्मार्क. प्रेक्षक इतके बेताचे की मला बसायलाच काय, आडवं पडायलाही जागा मिळाली असती. आणि त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या कप्तान बाईंनी एकटीनं दोनशे एकोणतीस धावा काढल्या, आणि शेवटपर्यंत बाद झाल्या नाहीत.

इथे सत्यजीतनं मला थांबवलं. "तात्या, काहीतरी कमी करा. एका दिवसाच्या सामन्यात दोनशे तर अजून पुरुषांतसुद्धा कुणी गाठल्या नाहीत."

"ते खरं आहे," कृष्णकांतराव जाळात पेंढा सारत म्हणाले. "दोनशे एकोणतीस. नाबाद."

मी जन्मात जे जे खरं बोललो त्याला असा साक्षीदार लागलेला आहे. असो.

तर डेन्मार्कच्या मुली दिवसभर उन्हात चेंडूमागे धावून लाल झाल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या चारशे बारा, आणि यांच्या सगळ्या मिळून एकोणपन्नास. मला वाटलं, हाच संघ. जिंकलेल्या माणसाला पनवेल दाखवण्यात अर्थ नसतो, तो स्वतःकडेच बघत असतो. हरलेला माणूस येतो. मी त्यांच्याबरोबरच्या एका उंच बाईंना गाठलं आणि इंग्रजीत सांगितलं की आमचं गाव जवळ आहे, मासे ताजे असतात, मुली शिकायला उत्सुक आहेत. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "सम अदर टाइम."

आता परदेशी माणूस उगाच बोलत नाही. आपला माणूस "येतो हं कधीतरी" म्हणाला की तो येत नाही, हे आपल्याला कळतं. पण ते लोक वेळेचे पक्के. 'सम अदर टाइम' म्हणाल्या, म्हणजे वेळ दिली. मी मनातल्या मनात हिशेब करून पुढच्या आठवड्यातला गुरुवार धरला.

आता मैदान. सोसायटीचा प्लॉट पैजेतच अडकलेला, म्हणून सरकारी मैदान मागायला मी एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते विचारू नका, मला तिथे परत जायचंय. खेळाच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "महिला आहेत ना? महिलांचे कार्यक्रम पलीकडच्या टेबलावर." पलीकडच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "खेळ आहे ना? खेळ अलीकडच्या टेबलावर." मी या दोन टेबलांमध्ये इतक्या खेपा घातल्या की तेवढ्यात माझ्या नावावर पन्नास धावा लागल्या असत्या. शेवटी त्या बाईंना दया आली.

"आमच्याकडे हळदीकुंकू, भजन, पाककृती आणि रांगोळी एवढंच बसतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या खेळात जमिनीवर पांढऱ्या रेघा मारतात ना?"

"मारतात."

"मग रांगोळी लिहा."

लिहिलं. परवानगी तासाभरात मिळाली. खाली अट होती: रांगोळी काढून झाल्यावर मैदानात कोणीही पाय ठेवू नये.

असा मी मैदान हातात असून मैदानाबाहेर झालो, आणि गेलो हौसाबाईंकडे.

हौसाबाई म्हणजे पलीकडच्या गावातलं मोठं प्रस्थ. त्यांची निम्मी शेती नवीन पनवेलखाली गेली. आमची सोसायटी त्यांच्या वांग्यांच्या वाफ्यावर उभी आहे हे त्या दर भेटीत सांगतात. दुमजली घर झालं, गच्चीवर डिश आली, पण मागचं खळं त्यांनी सोडलं नाही. चोपून चोपून गुळगुळीत केलेलं, शेणानं सारवलेलं, आरशासारखं. मी तर म्हणेन मुंबईच्या मैदानावरसुद्धा तसली खेळपट्टी नव्हती. फक्त मधोमध मेढ. मेढ म्हणजे मळणीच्या बैलांना बांधायचा तो खांब. चांगला पुरुषभर उंच आणि मांडीएवढा जाड.

"कोन खेलनार?" हौसाबाईंनी विचारलं.

"डेन्मार्क."

"त्ये कुठं आलं? उरनकडं?"

"लांब आहे. समुद्रापलीकडे."

"म्हंजे करंजाच्या पल्याड." त्यांनी उरणच्या करंजा बंदरापाशी नकाशा मिटवला. "येऊं द्या. पन दोन गोष्टी सांगते. बूट घालून नाय यायचं. खल्यात लक्षुमी असते. आनि मेढ नाय काडायची. माजी शेवटची मलनी बाकी हाय."

"हौसाबाई, मेढ बरोबर मधे येते. चेंडू तिला लागला तर काय करायचं?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "मेढीला लागला तं देवाचा."

क्रिकेटच्या नियमांचं पुस्तक मी वाचलेलं आहे. इतका स्वच्छ नियम त्यात एकही नाही.

"आनि गुरुवार हाय," त्या पुढे म्हणाल्या. "मार्गशीर्षातला शेवटचा. माजं उद्यापन हाय. दारात आलेली बाई हलदीकुंकवाशिवाय जानार नाय, मंग ती करंजाची असूं दे नायतर करंजापल्याडची."

इथे सत्यजीतनं बोटांवर काहीतरी मोजलं. "शेवटचा गुरुवार म्हणजे पंचवीस डिसेंबर. तात्या, तो नाताळ. आणि डेन्मार्कचे सामने तोवर संपलेले असणार."

"म्हणूनच तर त्यांना सुट्टी होती," मी म्हणालो. शिकलेल्या लोकांना कधीकधी अगदी सोप्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात.

हौसाबाईंचा भाचा विठू तळोज्याला जीप चालवायचा. बुधवारी माझी त्याची थोडी बोलणी झाली, पण ती या गोष्टीत महत्त्वाची नाहीत. गुरुवारी सकाळी दहाला खळ्याशी जीप थांबली. पाहुण्यांच्या स्वागतासाठी मी तिच्या दारांवर आंब्याचे डहाळे बांधायला सांगितले होते, आणि विठूनं ते नेमके जिथे काही अक्षरं होती तिथेच बांधले होते. गुणी पोरगा.

जीपमधून डेन्मार्क उतरलं. पाच जणी.

"बाकीच्या?" कृष्णकांतरावांनी विचारलं. ते स्कूटर घेऊन आधीच येऊन उभे होते.

"पोट बिघडलं. पाणी बदललं की होतं."

"आणि त्या बाईंच्या हातात लोकर आहे ती?"

"यष्टिरक्षक आहेत. विणकामानं बोटं मऊ राहतात."

कृष्णकांतराव जीपला एक चक्कर मारून आले. आंब्याचा एक डहाळा बोटानं जरासा उचलला, परत सोडला, आणि सावलीत जाऊन उभे राहिले. मी घाईघाईनं जाऊन तो डहाळा पुन्हा घट्ट बांधला. पलीकडे रेवा बूट काढून पायाच्या अंगठ्यानं खळं दाबून बघत होती.

आता पाच जणींचा संघ होत नाही. पण हौसाबाईंच्या उद्यापनाला आलेल्या सवाष्णी ओसरीवर बसल्याच होत्या. त्यातल्या सहा जणी मी डेन्मार्कला दिल्या. चारुता डेन्मार्ककडून खेळली.

"जबरदस्तीनं," चारुता शेंगा निवडता निवडता म्हणाली. "भरजरी साडीत. आणि मला चुकीचं बाद दिलंत."

"पायचीत होतीस."

"साडीचीत होते. चेंडू निऱ्यांत अडकला होता."

डेन्मार्कच्या कप्तान म्हणजे इंग्रिडबाई. हौसाबाईंच्या तोंडात पहिल्या दोन मिनिटांतच त्यांचं इंगळीबाई झालं. दणकट, हसऱ्या, आणि बॅट धरायची पद्धत अशी, की हौसाबाई बघून म्हणाल्या, "ही तं चोपनं धरतंय तशी धरतंय." खळं चोपायचं ते लाकडी चोपणं. मी खुलासा केला की ही डेन्मार्कची शैली आहे.

रेवाच्या मुलींनी आधी खेळून चौसष्ट धावा केल्या. त्यातल्या दहा-बारा पेंढ्याच्या उडवीत हरवलेल्या चेंडूच्या, पण मी उदार पंच आहे. मग डेन्मार्क खेळायला आलं आणि मेढीनं आपला प्रताप दाखवायला सुरुवात केली. गोलंदाज धावत यायची, चेंडू सोडायची, आणि ठक्कन आवाज. ओसरीवरून सगळ्या सवाष्णी एका सुरात म्हणायच्या, "देवाचा." परत टाकायचा. एक षटक तर इतकं लांबलं की मधे चहा झाला.

पण इंगळीबाई थांबेनात. दुसऱ्या टोकाला आमच्या पनवेलच्या बायका पटापट बाद होत होत्या आणि या अनवाणी उभ्या राहून एकामागून एक चेंडू हौसाबाईंच्या गोठ्यापलीकडे पाठवत होत्या. बघता बघता डेन्मार्कला दोन धावा हव्या आणि शेवटची जोडी. रेवानं चेंडू हातात घेतला. मी पंचाच्या जागी होतो, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"तात्या," ती चेंडू साडीच्या पदराला पुसावा तशी ओढणीला पुसत हळूच म्हणाली, "मी हरले तर बाबा म्हणतील, बघा, यांना खळंसुद्धा झेपलं नाही."

"तू चेंडू टाक," मी म्हणालो. पंचानं सल्ला द्यायचा नसतो, पण मैदानच आमच्या नियमांचं होतं.

पहिला चेंडू मेढीला. देवाचा. दुसरा मेढीला. देवाचा. लोकांना वाटलं पोरगी घाबरली. पण मी तिचे डोळे बघितले होते. ती नेम धरत होती, स्टंपांवर नव्हे, मेढीवर. मेढीच्या नेमक्या कडेवर. तिसरा चेंडू तिनं हळू, उंच, फिरकी देऊन सोडला. तो मेढीच्या आड गेला. इंगळीबाईंना दिसला तेव्हा तो मेढीला वळसा घालून, सारवलेल्या जमिनीवर टप्पा खाऊन, आत शिरलेला होता. मागच्या तिन्ही काठ्या पडल्या.

ओसरीवरून हौसाबाई म्हणाल्या, "ह्यो नाय देवाचा. ह्यो पोरीचा."

इंगळीबाईंनी रेवाला कंबरेला धरून उचललं आणि मेढीभोवती एक फेरी मारली. मग पाचही जणींना पाटावर बसवून हळदीकुंकू झालं. ओटीत तांदूळ आणि नारळ मिळाल्यावर यष्टिरक्षकबाईंनी नारळ हलवून बघितला आणि मला विचारलं की यानं पुढचा सामना खेळायचा का.

आणि मग कृष्णकांतराव सावलीतून पुढे आले. सगळी सोसायटी बघत होती. रेवा कुंकवाचा हात तसाच धरून उभी. ते म्हणाले, "तात्या, संघ अस्सल आहे. येत्या रविवारपासून प्लॉट मुलींचा." सोमवारी तसा ठराव लागला, आणि आज दोन वर्षं झाली, रविवारी सकाळी इथे स्कूटर धुवायची कुणाची छाती नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पहिलं मडकं उतरवलं होतं, पाल्याचा वास सुटला होता, शेंगा परातीत ओतल्या जात होत्या. सकाळचा खेळ आटोपून रेवा बॅट खांद्यावर टाकून आमच्यात येऊन बसली होती. ती आता युनिव्हर्सिटीकडून खेळते. सत्यजीत माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की त्या नजरेला सासऱ्यांनंतर मी पारखा झालो होतो. अशा वेळी माणसानं बटाटा तोंडात घालून गप्प बसावं. पण मी बोललो.

"तुला सांगतो सत्यजीत, संघ आणणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते चेअरमनसाहेबांना पटवणं. एवढा मोठा साहेब, पण त्या दिवशी लिमलेटची गोळी दाखवलेल्या पोरासारखा मान डोलावत होता."

चारुताचे हात थांबले. रेवानं खाली मान घातली, पण तिचे खांदे हलत होते.

कृष्णकांतरावांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"तात्या, इंग्रिडबाई आमच्या कारखान्यात बॉयलर बसवायला आलेल्या इंजिनियरच्या मिसेस. उरलेल्या चौघी त्यांच्याच शेजारणी," ते म्हणाले. "माझ्याच मुलीला मी आपणहून प्लॉट दिला असता, तर पहिली तक्रार तुमचीच आली असती. विठूची ती जीप माझ्या सहीनं सुटली होती."